वहिनींच्या हातातले एक्के

वायरमन गेल्यावर तीन महिने रविवारची खुर्ची रिकामी राहिली. चौथ्या महिन्यात त्याची बायको दुपारी तीनच्या सुमारास टेलरच्या दुकानात आली आणि म्हणाली, "मी बसू का डावात?"

टेलर, पीटी सर आणि गॅरेजवाला एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. तिघेही नवऱ्याचे जुने दोस्त, त्यामुळे ती तिघांचीही वहिनी. वहिनींना नाही कोण म्हणणार? टेलरने कापड कापायच्या टेबलावरचे खडू, पट्टी, कात्री बाजूला सारली आणि स्टूल पुढे केलं.

खेळ पोकरचा. प्रत्येकाला दोन पानं लपवून, मधे पाच पानं सगळ्यांसाठी उघडी: आधी तीन, मग एक, मग शेवटचं. दोन आणि पाच मिळून ज्याची पाच पानं भारी, त्याचा डाव. पैशांऐवजी बटणं, तीही दुकानातल्या डब्यातली. आणि पैज ठरलेली. पहिल्या दोन फेऱ्यांत दोन-दोन बटणं, नंतरच्या दोन फेऱ्यांत चार-चार. कोणी वाढवलं तर तेवढ्यानेच. सगळा ढीग पुढे लोटून समोरच्याला घाबरवायची सोयच नाही.

वहिनींनी एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासलं होतं. काचेवर एक थेंब पसरायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. हातात टकटक वाजणारं मोजणीयंत्र. निवृत्तीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी विचारलं, काय भेट देऊ? तर यांनी ते यंत्रच मागून घेतलं.

पहिल्याच रविवारी त्यांच्या हातात दोन राण्या आल्या. वहिनी गप्प. मधे दश्शी, सत्ती, दुर्री पडली. राण्यांना धक्का लागेल असं काहीच नव्हतं, तरी वहिनी गप्पच. कोणीच काही लावलं नाही. पुढचं पान चव्वी. गॅरेजवाल्याकडे सत्ती आणि चव्वी होती. फुकटात त्याच्या दोन जोड्या झाल्या आणि डाव त्याने खिशात घातला.

"वहिनी, राण्या घेऊन बसलात आणि हूं की चूं नाही?" टेलर म्हणाला.

"पुढे काय येईल, कुणाला माहीत."

"म्हणूनच तर लावायचं! आत्ता तुम्ही पुढे आहात ना? मग ज्याला पुढचं पान बघायची हौस आहे, त्याला फुकट कशाला दाखवता?"

"पण लावलं तरी तो येणारच. दोन बटणांना कोण भितंय?"

"येऊ द्या की. रोज रोज थोडंच त्याला हवं ते पान लागणार आहे?"

वहिनींना असल्या मोघम बोलण्याने समाधान होत नसे. घरी जाऊन त्यांनी पलंगावर पत्ते मांडले. हातात दोन बदाम, मधे चार पानं, त्यात दोन बदाम. एका रंगाची पाच पानं जोडीपेक्षा भारी, म्हणून पाचवा बदाम लागतो का बघायचं. उरलेली पानं पिसायची, वरचं उलटायचं, लागलं तर यंत्राची कळ दाबायची. असं शंभर वेळा. संध्याकाळ झाली तेव्हा आकडा होता एकवीस. म्हणजे ढोबळमानाने पाचातून एकदा. दुसऱ्या दिवशी ओळीतलं मधलंच एक पान हवं असेल तर काय होतं, ते बघितलं: शंभरात नऊ.

त्यानंतर अपुऱ्या पानांवर पुढे जायचं की नाही, याची वहिनींना भीती उरली नाही. मधे चोवीस बटणं आहेत, मला चार घालायची आहेत, पाचातून एकदा लागणार आहे, मग जायचं. मधे आठच असतील तर पानं टाकायची. एका रविवारी इस्पिकची चार पानं जमली, त्या शेवटपर्यंत गेल्या, पाचवं आलं नाही. शेवटच्या पैजेला त्यांनी पानं शांतपणे टाकली.

"हात दाखवून अवलक्षण!" गॅरेजवाला हसला.

"अवलक्षण कसलं? जायला हवंच होतं. आलं नाही, एवढंच."

पण भारी जोडी हातात आली की मात्र वहिनी काही लावायच्याच नाहीत. हिशेब पाठ होता, हात पुढे होत नव्हता. एकदा दुकान बंद करताना टेलरने विचारलंच.

"त्यांची काच मीच बघितली होती," त्या म्हणाल्या. "थकवा येतो म्हणत होते, म्हटलं रक्त देऊन जा. आदल्याच आठवड्यात लेकीला नोकरी लागली होती, घराचा शेवटचा हप्ता फिटला होता. इतकं चांगलं चाललेलं. शंभर पेशी मोजल्या. पटेना, म्हणून पुन्हा मोजल्या. मग तिसऱ्यांदा. डॉक्टरांच्या आधी मला कळलं. तेव्हापासून चांगलं काही हातात आलं की वाटतं, आवाज न करता बसावं."

कुलूप लावून टेलर वहिनींना बसथांब्यापर्यंत सोडायला गेला.

पुढच्या महिन्यात वहिनींना दोन एक्के आले. त्यांनी पानं खाली ठेवली, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "वाढवते." तिघेही आले. मधे बदाम दश्शी, बदाम तिर्री, किलवर अठ्ठी. वहिनींनी लावलं, टेलरने पानं टाकली. चौकट राजा पडला. वहिनींनी पुन्हा लावलं, गॅरेजवाल्यानेही टाकली. पीटी सर मान खाली घालून येतच राहिले. शेवटचं पान बदाम पंजी.

वहिनींनी लावलं. सरांनी वाढवलं.

आता मधे बेचाळीस बटणं होती, सरांची पानं बघायला आणखी चार लागत होती. सर कधी कधी हातात काही नसतानाही वाढवत. वहिनींनी चार बटणं मोजून सरकवली. सरांनी पानं उलटली: बदाम राणी, बदाम सत्ती. पाच बदाम पुरे.

"सॉरी वहिनी," सर ओशाळले. "मी आधीच पानं टाकायला हवी होती."

"का? मधे एवढी बटणं असताना तुम्ही यायलाच हवं होतं. आणि मी लावायलाच हवं होतं." वहिनी एकदम हसल्या. "पाचातून चार वेळा हा डाव माझा आहे, सर. वाटा पुढची पानं."

त्या हिवाळ्यात टेलरच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुकान महिनाभर बंद राहिलं. रविवार कुठे करायचा, असा प्रश्न आला. "माझ्याकडे," वहिनी म्हणाल्या. नवरा गेल्यापासून त्या घरात चार माणसं एकत्र बसली नव्हती. त्यांनी जेवणाच्या टेबलावरचा औषधांचा खोका, जुनी वर्तमानपत्रं, न उघडलेली पाकिटं सगळं हलवलं आणि शेजारून एक खुर्ची मागून आणली.

टेलर काळा चष्मा लावून आला. वहिनींनी त्याच्यापुढे पत्त्यांचा नवा कोरा जोड ठेवला. तळहाताएवढे आकडे असलेली पानं.

त्याने एक पान डोळ्यांजवळ नेलं, मग हात लांब करून बघितलं.

"झालं," तो म्हणाला. "आता हरलो तर दिसलं नाही म्हणायचीही सोय राहिली नाही."

"बसा," वहिनी म्हणाल्या आणि पिसायला लागल्या.