चोपन्न किलोंची साक्ष

"पाऊल खोटं बोलत नाही, खोटं बोलतं ते तोंड." अक्कांचं हे वाक्य विद्यापीठाच्या क्रीडाविज्ञान विभागात भिंतींच्या रंगापेक्षा जुनं.

अक्का प्रयोगशाळेत मदतनीस. फरशीत बसवलेली लोखंडी भारपाटी एकवीस वर्षं त्यांच्या ताब्यात. खेळाडू तिच्यावरून धावला की पाऊल किती भाराने पडलं ते पडद्यावर उमटतं. रोज सकाळी अक्का चपला काढून आधी स्वतः तिच्यावर उभ्या राहत. चोपन्न किलो. आकडा जरा चढला की शिपाई विचारी, "अक्का, पाटी रुसली की तुम्ही बाळसं धरलंत?"

"बाळसं तू धर. पाटी कसायला पान्हा आण."

मुलाखतीच्या दिवशी मात्र त्या पाटीवर उभ्या राहिल्या नाहीत.

जागा एकच. खेळताना हाडासांध्यांवर पडणाऱ्या भाराचं शास्त्र शिकवायचं. उमेदवार दोन उरले होते. एक बाहेरगावचे, सुटाबुटातले. दुसऱ्या इथल्याच बाई, नऊ वर्षं वर्षावर्षाच्या करारावर राबलेल्या. पुढच्या महिन्यात त्यांची वयाची मर्यादा उलटत होती. आज नाही, तर कधीच नाही.

आदल्या दिवशी विभागप्रमुखांनी पाहुण्यांसाठी जाड गालिचा आणवला. पाटीच्या मापाचा चौकोन त्यातून कापला, तरी कडा वर येत होत्या.

"अक्का, कडेने पट्टी चिकटवा. कोणी अडखळायला नको."

पाटी आणि फरशी यांच्यात नखभर फट असते. ती मोकळी लागते. तिच्यावर काही ताणून बसलं की भार फरशीत मुरतो.

"साहेब, ती फट..."

"फटीचं मी बघतो."

अक्कांनी फटीवरून पट्टी चिकटवली. मुलाखतीच्या सकाळी लादी पुसून पाय ओले होते, गालिचा नवा होता. रोजचा नेम त्यांनी पहिल्यांदा मोडला.

समितीचे पाच जण खुर्च्यांत बसले. धावपटू पाटीवरून धावणार आणि पडद्यावरचा आकडा उमेदवाराने उलगडून सांगायचा, अशी परीक्षा होती. धावपटू धावला. आकडा उमटला, वजनाच्या सव्वापट. सुटातले पुढे झाले आणि त्यांनी मऊ पडणाऱ्या पावलाचं असं गोड विवेचन केलं की दोघांनी माना डोलावल्या.

मग बाई. धावपटू पुन्हा धावला. पुन्हा सव्वापट. बाई पडद्याकडे बघत राहिल्या.

"बोला," अध्यक्ष म्हणाले.

"यावर मला काही बोलता येणार नाही. धावणाऱ्याचं पाऊल अडीचपटीच्या आसपास पडतं. हा आकडा चुकला आहे."

"आधीच्यांना तर त्यात शास्त्र दिसलं!" विभागप्रमुख हसले. "यंत्राला नावं ठेवून वेळ काढू नका, बाई. पाच मिनिटं उरलीत."

अक्का कोपऱ्यात उभ्या होत्या. बोलावं तर साहेबांचा रोष, आणि आपलीच चूक चव्हाट्यावर. गप्प बसावं तर बाईंची नऊ वर्षं मातीत. त्यांनी चपला काढल्या, सरळ जाऊन पाटीवर उभ्या राहिल्या.

सत्तावीस.

"मी चोपन्नाची आहे," अक्का म्हणाल्या. "पट्टी मी चिकटवली. फटीवरून. सकाळी तपासलंही नाही."

"तुम्हाला कोणी विचारलं? बाहेर व्हा!" विभागप्रमुख उठले.

"होते. आधी हे निस्तरते." गुडघे टेकून त्यांनी खिशातल्या ब्लेडने चारी कडांची पट्टी कापली, गालिचा मागे दुमडला आणि त्या पुन्हा पाटीवर उभ्या राहिल्या. चोपन्न.

अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. "जरा चालून दाखवा. बाई, तुम्ही वाचा."

अक्का दोनदा गेल्या, दोनदा आल्या. पडद्यावर रेषा उठल्या, बसल्या.

"उजव्या पायावर भार लवकर येतो आणि उशिरा सुटतो. डावा पाय त्या टेकवतात, पण त्याच्यावर विसंबत नाहीत," बाई सावकाश म्हणाल्या. "डावा गुडघा दुखत असणार. अक्का, नऊ वर्षांत सांगितलं नाहीत?"

"विचारलंत कुठे? आलेल्या खेळाडूंचेच गुडघे बघत बसलात."

अध्यक्ष हसले आणि त्यांनी टाचणाच्या कागदावर काहीतरी लिहिलं. नेमणुकीचं पत्र बाईंच्या हाती आठवड्याने पडलं, तरी निवड झाली ती याच घटकेला. अक्कांची बदली भांडारात झाली, तीही त्याच आठवड्यात, विभागप्रमुखांच्या सहीने.

त्या दिवशी मात्र अक्कांनी चपला हातात घेतल्या, कापलेल्या पट्टीचा गोळा मुठीत धरला आणि डावा पाय सांभाळत दाराकडे निघाल्या. समिती कागदांत वाकली होती. सुटातले फटीकडे बघत होते. बाई तेवढ्या, पडद्याकडे पाठ करून, त्या अनवाणी पावलांकडे बघत राहिल्या, वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.