शेवटची दहा मिनिटं

नव्वदच्या आसपास मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. अर्धी मुलं ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत पाळ्या करून यायची आणि वर्गात पेंगायची. म्हणून मी व्याख्यानं कॅसेटवर भरून द्यायला लागलो. प्रत्येकाची आपली एक कॅसेट. ती घरी ऐकायची, वर्गात फक्त चर्चा. शेवटची दहा मिनिटं कोरी ठेवायचो. कळलं नसेल ते तिथे बोलून ठेवायचं. आठवड्याने कॅसेट परत घेऊन, आधीचं सगळं पुसून तिच्यावरच मी पुढचा धडा भरायचो. स्वतःच्या डोक्यावर मी जाम खूश होतो.

पहिले दोन आठवडे सगळ्या कॅसेटी शेवटपर्यंत ऐकल्या. कुठे कुकरच्या शिट्ट्या, कुठे कुणी गाणं म्हणून ठेवलेलं. प्रश्न एकही नाही. म्हटलं, गाढवापुढे वाचली गीता! ऐकणं सोडलं, पण ते वर्गात सांगितलं नाही.

मागच्या बाकावर दिवा स्टेशनजवळच्या कोळीवाड्यातली एक मुलगी बसायची. सकाळी आईबरोबर मासळी विकून यायची. नापास झाली तर कॉलेज बंद, असं तिच्या वडिलांनी मला तोंडावर सांगितलं होतं. वर्गात ती अवाक्षर बोलायची नाही. एकदा मी चिडून म्हणालो, "अगं, कॅसेट ऐकतेस की तिच्यावर बोंबील वाळत घालतेस?" वर्ग हसला. तीही हसली.

ती नापास झाली, फक्त माझ्या विषयात. कॉलेजात पुन्हा आली नाही.

जूनमध्ये नव्या वर्गासाठी कॅसेट तपासायला म्हणून तिची राहिलेली कॅसेट लावली आणि चहा टाकायला आत गेलो. माझं व्याख्यान संपलं. मग हळू आवाजात ती बोलायला लागली.

"सर, सांचे उरलेली मासली आई भाव पारून इकते. पापलेट कोनी घेत नाय, बोंबील लगेच जातान. यालाच मागणीची लवचिकता बोलाचा का? सुरवातीला लाजले, मंग दर आठवड्याला इचारते, सर. यो शेवटचा."

वर्षभराचे तिचे प्रश्न मी माझ्याच हाताने पुसले होते. चहा उतू गेला. मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी दिव्याचा बाजार गाठला. ती पाटीमागे बसली होती. मला बघून उठली, ओले हात पदराला पुसले. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं,

"सर, माजे प्रश्न चुकीचे व्हते का?"