बेटावरचं स्थळ

बायडाबाईचं लग्न एका शब्दावर जमलं. सहासष्ट साली मध्यस्थानं येऊन सांगितलं, "पोरगा माहूत हाय. सरकारी नोकरी. बेटावर असतोय."

तिच्या वडिलांनी, केरबांनी, मान डोलावली. पंचगंगेकाठच्या त्यांच्या गावात ओढ्याला कळकाची, म्हणजे बांबूची, बेटं होती, पन्हाळ्याकडं तर हवी तेवढी. तिकडंच कुठंतरी जंगलखात्याचा हत्ती असेल, असं त्यांनी धरलं. लग्न लागलं आणि जावई, आकाराम, मद्रासच्या बोटीचं बोलू लागला.

"बेटाला बोटीनं जात्यात?" केरबांनी विचारलं.

"अंदमान हाय ते, मामा. चारी बाजूंनी पाणी."

"आमाला वाटलं कळकाचं बेट."

बायका पदराआड हसल्या. केरबा हसले नाहीत. "पोरगी समुद्रापल्याड धाडत न्हाय. तुमी जावा एकलं."

आकारामची रजा संपत आली होती. तो मुळात अबोल, हत्तीशीच काय ते बोलायचा. बायडाबाई परड्यात शेणी लावत होती, तिथं जाऊन नुसता उभा राहिला.

"तितं हाय तरी काय?" शेवटी तिनंच विचारलं.

मग तो बोलला. आठ महिने पाऊस. पायताणाला हिरवी बुरशी येते. झाडं अशी सरळ की शेंडा बघताना टोपी पडते. वाघ नाही, बिबट्या नाही. हत्ती खाडी पोहून जातात. आणि एक खेकडा असतो, तो नारळाच्या झाडावर चढतो.

तिचा शेणातला हात थांबला. खेकडा म्हणजे बांधाच्या बिळातला, फार तर रश्श्यातला.

"झाडावर? तुमी बघितलाय?"

"बघणाऱ्यांनी सांगितलंय."

ती तशाच हातांनी वडिलांपुढं गेली. "आबा, ह्यो खेकडा मला बघायचाय."

केरबांनी लेकीकडं बघितलं, मग जावयाकडं. "बघायचा आन् माघारी यायचं," ते म्हणाले, आणि शेंगांचं गठुडं बांधायला उठले.

आकाराम निवृत्त झाल्यापासून ती दोघं कोल्हापुरात, शाहूपुरीत आमच्या शेजारी राहतात. तिकडं ज्वारी येईना, मेथी गोगलगायी फस्त करायच्या, पापड चुलीवर टांगून वाळवावे लागायचे, हे सगळं बायडाबाई तक्रारीच्या सुरात सांगते. पोहणाऱ्या हत्तीपाशी आली की तिचा आवाज खाली येतो. सोंडेचं टोक तेवढं वर, आणि मागं पाण्यात उमटलेली रेघ सावकाश मिटत जाते.

"आणि खेकडा?" मी विचारलं.

"कुटला? दरसाली ह्ये म्हणायचं, ह्या बेटावर न्हाय, पल्याडच्या बेटावर असतोय. पोरं झाली, मोठी झाली. दिसला असता तर आबाच्या बोलीपरमानं माघारी यायला लागलं असतं की."

आकारामनं पेपर खाली केला नाही. "म्हणून तर हुडकला न्हाय," तो पेपराआडूनच म्हणाला.