दुसऱ्या पानावरची नर्स

कादंबरीत कुणीतरी मुद्दाम रोगजंतू सोडले होते. दुसऱ्याच पानावर एक नर्स खोकून खोकून मेली. मी चिवडा खात पान उलटलं. आम्ही असे शूर!

एवढ्यात तापाच्या वॉर्डातली ड्यूटी संपवून लेक आली आणि थेट बाथरूममध्ये शिरली. आतून खोकला आला. पुन्हा आला. मी चिवडा टाकून बाथरूमच्या बंद दाराला कान लावला.

"अगं, ऐकलंस का?" मी बायकोला हाक मारली.

"ठेच्याच्या मिरच्या भाजतेय," तीही खोकत म्हणाली. "खिडकी उघडा आधी!"

उघडताना मलाही ठसका लागला. इतका गोड ठसका आयुष्यात लागला नव्हता.

मग मी दुसरं पान पुन्हा काढलं. त्या नर्सला साधं नावही नव्हतं. तिच्याही घरी कुणीतरी बंद दाराशी कान लावून उभं असेल.