शेजारच्या सीटचा पट्टा

मामीला हायवेवर फिरवायचं कबूल करून शिंपीमामांनी काडेपेटीएवढी गाडी नोंदवली, पण गाडी यायच्या आधीच मामी वारली. तरी दिला शब्द पाळायला मामा एकटेच निघाले. हायवेला लागताच शेजारच्या रिकाम्या सीटच्या पट्ट्याची घंटी कोकलायला लागली. ट्रक खेटून जात होते. मामांना परत फिरावंसं वाटलं. त्यांनी कडेला थांबून तिकडचा पट्टा अडकवला. घंटी थांबली, पण पट्टा सीटला टेकेना. हवेतच ताठ राहिला.

मामांनी सवयीने गळ्यातली मापाची टेप पट्ट्यामागच्या पोकळीला लावली. माप मामीच्या पोटाचंच, जरा कमी भरलं.

“अगं, पोट आत ओढू नकोस,” मामा पुटपुटले. “दरवेळी माप चुकवतेस. सोड श्वास.”

पट्टा दोन बोटं पुढे सरकला.

“आता कसं!” म्हणत मामांनी गाडी पुन्हा ट्रकांमध्ये घातली.