सगळं मिटलं, असं मी सांगितलं

अनोळखी नंबरावरून फोन वाजला की आमच्या घरात सगळ्यांचे हात एकदम कामात असायचे. आईचे पिठात, धाकट्या बहिणीचे साबणात. माझे कशात नसले तर मी ते पटकन कशात तरी घालायचे. फोन वाजून वाजून गप्प व्हायचा आणि आम्ही एकमेकींकडे न बघता पुढचं बोलायला लागायचो. फोन बँकेचा असायचा, नाहीतर बँकेने वसुलीला लावलेल्या माणसाचा.

कर्ज माझं होतं, इंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठी घेतलेलं. नाशिकच्या एका खाजगी कॉलेजातून मी डिग्री घेऊन बाहेर पडले, आणि ती डिग्री बघून कुणी मला दारात उभं केलं नाही. पुण्यात वर्षभर जेमतेम खोलीभाड्यापुरतं कमावलं आणि गपचूप गावी, कोरीटला परत आले. नंदुरबारच्या एका ऑफिसात कंत्राटी डेटा एंट्रीचं काम मिळालं. गावातली इंजिनिअर पोरगी दिवसभर दुसऱ्यांची नावं टाइप करते, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडावर बोलत नव्हतं. बोलले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

शिक्षणाच्या कर्जाला सहकर्जदार लागतो, म्हणजे मुलाइतकाच देणं लागणारा घरातला कुणीतरी. माझ्या कागदांवर ती सही वडिलांची होती. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. मी सिमकार्ड बदललं, पण अप्पांचा नंबर जुनाच राहिला. अप्पा नंदुरबारच्या मार्केट यार्डात मापाडी आहेत. माल काट्यावर चढला की वजन बघून मोठ्याने पुकारायचं हे त्यांचं काम. ते पुकारतात आणि शेतकरी, व्यापारी दोघंही ऐकून घेतात. मिरचीच्या हंगामात एकदा, सगळं यार्ड ठसकत असताना, वसुलीवाला थेट काट्यापाशी आला आणि हमालांसमोर म्हणाला, "दुसऱ्याचं बरोबर तोलता, स्वतःचं कधी तोलणार?"  त्यानंतर एकाच शेतकऱ्याचं वजन अप्पांनी दोनदा चुकीचं पुकारलं. हे मला त्यांनी नाही, एका हमालाने सांगितलं.

मला अप्पांची कीव आली नाही, राग आला. नंबर बदलून का टाकत नाही हा माणूस? मी त्यांना तसं म्हणालेही. ते आमच्या अहिराणीत म्हणाले, "नंबर यार्डना समदासपान शे बेटा. बदलू तं लोके काय म्हनतीन?" बँकेच्या माणसासाठी यार्डातल्या लोकांना त्रास नको, असा त्यांचा हिशेब. त्या काळात मी जेवताना घास मोजायचे. आपण खातोय ते कुणाचं, हा प्रश्न डोक्यात बसला होता.

मग लोकअदालतीची नोटीस आली. थकलेली कर्जं तिथे तडजोडीने मिटवतात. एकरकमी काहीतरी भरायचं आणि उरलेलं बँक सोडून देते. माझी साठवण आणि आईच्या भिशीचे पैसे मिळून ती एकरकमी रक्कम जमली. उरलेलं, म्हणजे निम्म्याहून जास्तच, माफ होणार होतं. ठरल्या दिवशी मी आणि अप्पा नंदुरबारच्या कोर्टात गेलो. व्हरांड्यात टेबलं मांडलेली. कुणी वीजबिलासाठी आलेलं, कुणी टेलिफोनच्या बिलासाठी. जत्रेसारखी गर्दी होती, फक्त कुणी हसत नव्हतं.

आधार कार्डाची झेरॉक्स कमी पडली म्हणून अप्पा बाहेर गेले. तेवढ्यात बँकेच्या माणसाने कागद माझ्यापुढे सरकवला. कागद इंग्रजीत होता. तो म्हणाला, "एक सांगून ठेवतो. हे कर्ज 'पूर्ण फेडलं' असं रेकॉर्डला येणार नाही. 'तडजोडीने मिटवलं' असं येईल. तुमच्या नावापुढे येईल आणि वडिलांच्याही. पुढे त्यांच्या सहीवर कुणाला कर्ज लागलं तर बँक अडवू शकते. इथे तसं लिहिलंय, वाचा आणि सही करा."

मी वाचलं. मला इंग्रजी येतं, चार वर्षांच्या फीतून तेवढं नक्की मिळालं होतं.

धाकटी तेव्हा बारावीला होती. नर्सिंगला जायचं हे तिचं नववीपासून पक्कं होतं. कर्ज काढल्याशिवाय ते होणार नाही हेही घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या क्षणी मला हे सुचलं नाही असं मी लिहिलं तर वाचणाऱ्याला खरं वाटेल. पण मला सुचलं होतं. धाकटीचं तोंडसुद्धा डोळ्यांपुढे आलं. आणि मला हेही माहीत होतं की अप्पांना हे सांगितलं तर ते सही करणार नाहीत. धाकटीची वाट बंद होते म्हटल्यावर ते म्हणतील, राहू दे, हळूहळू पूर्ण फेडू. म्हणजे आणखी पाच-सात वर्षं तेच फोन, तीच काट्यापाशी येणारी माणसं. मला ते नको होतं. मला झोप हवी होती.

अप्पा झेरॉक्स घेऊन आले. कागदाकडे बघत त्यांनी विचारलं, "काय लिखेल शे?"

"समदं मिटनं, असं लिखेल शे," मी म्हणाले.

"आते फोन येतीन का?"

"नही येवावत."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सावकाश, शाळेत शिकवली तशी, पूर्ण नावाची सही केली. बाहेर पडताना ते झेरॉक्सच्या दुकानात परत गेले. मला वाटलं काही विसरलं असेल. पण बँकेने दिलेलं, खाली सह्या असलेलं पत्र ते लॅमिनेट करून घेत होते.

कर्ज सुटल्यावर माणूस कसा होतो ते सांगायला मला आजही लाज वाटते, कारण मी फार सुखात होते. मी फोन उचलायला लागले. पहिला अनोळखी फोन कुरिअरवाल्याचा होता. मी त्याच्याशी इतक्या लाडाने बोलले की तो बिचारा घाबरला असेल. पूर्वी अर्ज करताना मला धाक असायचा की कंपनी माझं रेकॉर्ड काढेल. ते खरं की खोटं हे मी कधी विचारलंही नव्हतं. आता मी बेधडक अर्ज केले. सोलर बसवणाऱ्या एका कंपनीत साइटवर काम मिळालं, आणि पहिल्यांदा कुणीतरी मला 'इंजिनिअर मॅडम' म्हणून हाक मारली. मी मागे वळून बघितलं होतं. अप्पांनी ते पत्र कपाटात रेशनकार्डाशेजारी ठेवलं. कुणी पाहुणा आला की ते काढून दाखवायचे आणि म्हणायचे, "पोरनं समदं फेडी टाकं." मी तेवढ्यात चहा टाकायला उठायचे.

धाकटीचा निकाल लागला. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेतही तिचा नंबर चांगला आला आणि धुळ्याच्या कॉलेजात जागा मिळाली. घरात पेढे आले.  मी मोबाइलवर अप्पांचं रेकॉर्ड काढून बघितलं. बँकेच्या माणसाने सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द, लिहिलेलं होतं. रोज उघडून बघायचे, जणू एखाद्या दिवशी ते आपोआप जाईल.

मग मी वाटा शोधायला लागले. माझ्या नावापुढेही तीच नोंद होती; सहकर्जदार म्हणून आईचं नाव घालू म्हटलं, तर आई मिरचीची देठं खुडायला रोजंदारीने जाते, तिच्या कमाईचा कागद कुठून आणणार? शेवटी मी धाकटीलाच म्हणाले, "लोणखेड्याला बीएस्सी कर ना. घराजवळ शे, खर्च बी कमी." 

"तू इंजिनिअर व्हयनी," ती म्हणाली, "मी नर्सबी नको व्हवू का?"

'तू जळतेस' असं म्हणाली नाही एवढंच.  अप्पांना सांगायचं रोज ठरवायचे. सकाळी ते मोटारसायकल पुसत असायचे तेव्हा जवळ जाऊन उभी राहायचे, आणि ते वर बघायचे की काहीतरी भलतंच विचारायचे, पेट्रोल आहे का वगैरे. ते तर अगदी निर्धास्त होते. "आते कसानं भेव? कागद शे ना आपलापान," असं आईला सांगत होते.

बँकेत आम्ही तिघं गेलो. दुसरी बँक, दुसरी शाखा. माझा वेडा जीव तेवढ्यावरही आशा धरून होता. टेबलापलीकडे माझ्याच वयाची एक मॅडम होती. तिने धाकटीचे मार्क बघून कौतुक केलं. मग अप्पांचा पॅन नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि जरा थांबली. ती काही बोलायच्या आतच अप्पांनी पिशवीतून ते लॅमिनेट केलेलं पत्र काढून तिच्यापुढे ठेवलं, दोन्ही हातांनी.

"मोठीचं कर्ज होतं, मॅडम. फेडलेलं आहे," ते म्हणाले. ऑफिसात अप्पा आमच्या घरची अहिराणी बाजूला ठेवून शाळेतली मराठी बोलतात, जपून, एकेक शब्द.

मॅडमने पत्र वाचलं. "काका, हे फेडल्याचं पत्र नाहीये," ती हळू आवाजात म्हणाली. "हे तडजोडीचं आहे. तुमच्या नावापुढे तशी नोंद आहे, त्यामुळे आम्हाला या मुलीचं कर्ज करता येणार नाही." आणि पत्रातल्या एका ओळीवर तिने बोट ठेवलं. "इथे लिहिलंय की पुढच्या कर्जाला अडचण येईल हे तुम्हाला समजावून सांगितलंय. खाली तुमची सही आहे. सही करताना कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

 धाकटी अप्पांकडे बघत होती. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. आता बोल, मी स्वतःला म्हणत होते, आता तरी बोल. 

अप्पा ओळीवरच्या त्या बोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सांगितलं होतं. मोठ्या मुलीने सगळं वाचून दाखवलं होतं मला. मीच विसरलो."

मॅडमने मान हलवली. माफ झालेली रक्कमही भरली तर आधीची बँक नवं पत्र देते, मग रेकॉर्ड सुधारतं, मग अर्ज करता येईल, हे तिने नीट समजावून सांगितलं. यंदाच्या प्रवेशाला ते जमणार नव्हतं.

परत येताना मोटारसायकलवर अप्पा पुढे, मध्ये धाकटी, मागे मी.  गावाच्या फाट्यापाशी धाकटी त्यांच्या पाठीला म्हणाली, "अप्पा, तुम्ही भुली कसा गयात?"

"वय व्हई गयं बेटा," ते म्हणाले.

धाकटी आता लोणखेड्याला बीएस्सीला जाते. मी माफ झालेलं कर्ज दर महिन्याला भरते आहे. लोक सूट मिळावी म्हणून बँकेच्या पायऱ्या झिजवतात आणि मी मिळालेली परत करते, म्हणून तिथला शिपाईसुद्धा मला ओळखतो. घरी सांगितलंय की धाकटीसाठी पैसे साठवते. ते खोटं नाही, पण खरंही नाही.

गेल्या महिन्यात मला राहवलं नाही. दुपारी यार्डात गेले. काटा रिकामा होता, अप्पा पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. मी उभ्या उभ्याच म्हणाले की माझ्याने आता होत नाही, मी धाकटीला खरं सांगून टाकते.

 ते म्हणाले, "पुढला वरीसले तिले नर्सिंगले तुन्हाच पैसास्वर जानं शे. आते सांगशी तं ती तुन्हा पैसाले हात लावाव नही." आणि पुढे, "मन्हावरना राग निंघी जाई तिन्हा. तुन्हावरना निंघाव नही."

मला तिथे रडू आलं आणि मी मिरचीचा ठसका लागल्यासारखं केलं. ते उठले, मीही निघाले.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा धाकटीने चहा केला होता. अप्पा माझ्या आधीच येऊन ओसरीवर बसले होते. तिने आधी मला विचारलं, साइटवर ऊन लागलं का, डोकं दुखतंय का. कप माझ्या हातात दिला. अप्पांचा कप तिने स्वयंपाकाच्या ओट्यावरच ठेवला आणि त्यांच्याकडे न बघता आतल्या खोलीत निघून गेली. अप्पा उठून आत आले आणि स्वतःचा कप घेऊन गेले. माझ्या चहात तिने आठवणीने आलं घातलं होतं, मला आवडतं म्हणून. मी तो सगळा प्यायले.