आजोबांचे चार सोनेरी पट्टे

आमच्या सुवर्णाआत्याला बघायला येणाऱ्यांना आधी चहा मिळायचा आणि मग आजोबा दाखवले जायचे. आजोबा म्हणजे भिंतीवरचं भलंमोठं तैलचित्र. गडद निळा कोट, बाहीवर चार सोनेरी पट्टे, छातीवर पदकं, मागे समुद्र. रावजी आजोबा नेव्हीत कॅप्टन होते, असं आमची आजी अक्काबाई सांगायची. सुरगाण्याच्या डोंगरातला माणूस मुंबईला गेला, कॅप्टन झाला आणि आत्या सोळाची असताना आजारानं वारला. ते पट्टे बघितले की आलेल्या पाहुण्यांना आपला मुलगा एकदम किरकोळ वाटू लागायचा.

आत्याला एकच स्थळ आवडलं होतं. सोमा, एसटीत कंडक्टर. ती कळवणच्या शाळेत शिकवायची आणि दर शनिवारी त्याच्याच गाडीनं नाशिकला यायची. सोमाची माणसं बोलणी करायला आली तेव्हा आजीनं चित्राकडे बोट केलं. "ह्या माणसाची पोर कंडक्टरच्या घरात द्यायची व्हय?" माणसं उठून गेली. आत्या तिथंच बसली होती, पण एक शब्द बोलली नाही. सोमानं दुसरीकडे लग्न केलं, आत्यानं कुठंच केलं नाही. आईनं हे मला सांगितलं तेव्हापासून आजीवर माझा राग आहे. ती जाऊन वीस वर्षं झाली तरी तो गेलेला नाही.

गेल्या वर्षी समाजाच्या मेळाव्याची स्मरणिका निघणार होती. माझे वडील शेखर, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, समितीवर होते. 'आपल्या डोंगरातला पहिला नेव्ही कॅप्टन' असं एक पान त्यांनी मिळवलं आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. आजोबा गेले तेव्हा बाबा दोन वर्षांचे, त्यांना काही आठवत नव्हतं. आत्याला विचारलं, आजोबा कोणत्या जहाजावर होते? ती म्हणाली, "मला काय माहीत? तू शोध ना."

मग मी शोधायला लागले. चित्राचा फोटो घेऊन गंगापूर रोडच्या एका निवृत्त नौदल अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी विचारलं, "आजोबांचा जन्म कधीचा?" मी म्हटलं, बत्तीस सालचा. "ही पदकं पहिल्या महायुद्धातली आहेत. इंग्रजांची." ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

चित्राच्या कोपऱ्यात 'अन्सार' अशी सही होती. विचारत विचारत जुन्या नाशकात पोचले. अन्सारचाचांनी ऐंशी ओलांडली होती. खाटेवर बसूनच त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"बॉडी माझीच हाय, बेटा. बॅरिस्टर, फौजदार, नेव्हीवाला, अशा बॉड्या तयार ठेवायचो. नेव्हीवाला एका अंग्रेजी मासिकातून उचलला. माणूस मेला की घरचे छोटा फोटो आणायचे, बॉडी पसंत करायचे, मी चेहरा बसवायचो. सब खुश."

"मेलेला माणूस खरंच फौजदार असायचा का?"

"खऱ्या फौजदाराच्या घरी वर्दीतला फोटो असतो की," ते म्हणाले.

मी तडक आत्याकडे गेले. ती मेथी निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं तरी तिचा हात थांबला नाही.

"बाप नेव्हीच्या लाँड्रीत व्हता. साहेबांच्या कोटांना इस्त्री करायचा."

"तुला माहीत होतं?"

"दुकानात आईसंगं मीच गेले व्हते. आई फौजदार घेऊ म्हणत व्हती. निळा कोट मी निवडला. लय चांगला दिसत व्हता त्यो त्यात."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मी आजीला शिव्या घातल्या होत्या. "मग सोमाची माणसं आली तेव्हा तोंड का नाही उघडलंस?"

"भर बैठकीत बापाच्या अंगातला कोट काढू?" ती म्हणाली. मग मेथीची दुसरी जुडी सोडत म्हणाली, "मला वाटायचं, कुणीतरी शोधून काढील. माझ्या तोंडून नको. आता सापडलं ना? लिही मग. लाँड्रीच लिही."

मी तसंच लिहिलं. बाबांनी दोनदा वाचलं, "बघतो" म्हणाले आणि कागद खिशात घातला.

मेळाव्याच्या दिवशी स्मरणिका हातात पडली. पानभर चित्र, खाली 'कॅप्टन रावजी'. त्याखाली आत्याचा छोटा फोटो आणि ओळ: 'वडिलांच्या स्मृतीला वाहून घेऊन आजन्म अविवाहित राहिलेली त्यांची कन्या.' माझ्या अंगाची लाहीलाही झाली. बाबा स्टेजवर होते, माझ्याकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात सत्कारासाठी आत्याचं नाव पुकारलं गेलं.

मी तिचा हात धरला. "माईकवर सांगून टाक. आज तरी."

ती गेली. शाल घेतली, नारळ घेतला. माईक तिच्या अगदी समोर होता. तिनं लोकांना नमस्कार केला आणि खाली उतरली. टाळ्या पडत राहिल्या.

माझ्या शेजारी येऊन बसली. शाल तशीच अंगावर होती.

"तवाबी मी अशीच गप बसले व्हते," ती म्हणाली.